रेग्युलरायझेशनच्या सहा टाळ्या

“आबा, टाळी वाजवा. मांडी थोपटू नका,” सुलेखा म्हणाली.

पाचवीच्या बाकात बसलेले संस्थेचे अध्यक्ष धोंडिबाआबा ओशाळले. पडेगावच्या या शाळेत मुलाखतीचा रिवाजच तसा होता. उमेदवारानं पाठ घ्यायचा, निवड समितीनं पोरं व्हायचं. समिती मन लावून पोरं झाली होती. एका सदस्यानं तर दुसऱ्याचं पेन पळवलं होतं.

सुलेखा अकरा वर्षं इथं तासाच्या बोलीवर इंग्रजी शिकवत होती. आज कायमची जागा भरायची होती. एकच. आणि तुकडे पाडून शिकवायला शब्द आबांनीच दिला होता, रेग्युलरायझेशन, म्हणजे नोकरीत कायम करणं. हा शब्द तिनं आजवर नऊ अर्जांत लिहिला होता; मोठ्यानं म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली.

“रे-ग्यु-ल-राय-झे-शन. सहा तुकडे, सहा टाळ्या. पण सगळे तुकडे सारखे नसतात. एकावर खरा जोर, तिथं बाकावर थाप. शेवटी ‘शन’ असलं की जोर त्याच्या आधीच्यावर. झे!”

आबांनी ‘शन’वर थाप मारली. मग ‘राय’वर. तिसऱ्या वेळी ती ‘झे’वरच पडली, आणि अशी पडली की शेजारच्या वर्गातला गलका थांबला.

“जमलं की वो!” आबांचे डोळे भरून आले. “बावीस वर्षं झाली, सायबापुढं हा शब्द आला की मी खोकायचो. लई भारी शिकवता, मॅडम.”

सुलेखानं पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

“म्हणून म्हणतो, आमच्या मोनिकाला पंधरा दिवस तुम्हीच शिकवा. पुतणी माझी. कालच या जागेवर ऑर्डर काढली तिची. तिला यातलं काय बी येत नाय.”

“मग आज मला कशाला बोलावलं, आबा?”

“व्वा! मुलाखत घेतल्याबिगर निवड करायची? आपल्यात बेकायदा काय चालत नाय.”

सदस्यांनी माना डोलावल्या. दाराशी उभी असलेली मोनिका कोरी वही छातीशी धरून पुढं आली. घाबरलेली होती.

“मॅडम, शेवटी ‘शन’ नसलं, तर जोर कुठं द्यायचा ते कसं कळतं?”

प्रश्न बरोबर होता. अकरा वर्षांत या खोलीत इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता, हेच वाईट होतं.

“पंधरा दिवस नाही जमणार,” सुलेखा म्हणाली. “आजचा तास घेते. बस.”

मोनिका बसली. सुलेखा फळ्याकडं वळली, आणि बराच वेळ नुसती तारीख लिहीत राहिली.