खाजामियाँच्या घरातला रेकॉर्डर

मित्रांनो, टीव्हीच्या खाली फळीवर जो काळा, चपटा डबा असतो ना, तसाच मी एक. फक्त माझ्या पोटात एक फिरणारी चकती आहे. घरात कुणी नसलं तरी ठरल्या वेळी मी आपला आपण जागा होतो, कार्यक्रम टिपून ठेवतो आणि लोक परतले की दाखवतो. आता माझं वय झालं आहे. मी तुम्हाला माझी हकीकत सांगणार आहे, आणि तीत हेवा पुष्कळ आहे हे आधीच सांगून टाकतो. चांगुलपणाचा आव आणून काय करू?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. मला आठवतं ते उदगीर. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत खाजामियाँचं गाद्या-रजया भरायचं दुकान, आणि वर त्यांचं घर. गच्चीवर छत्री बसली, तार खाली आली आणि मी टीव्हीशी जोडला गेलो. "ह्याच्यात नाटक धरून ठेवता येतंय," खाजामियाँ आपल्या बायकोला, बेगमबीला, मोठ्यानं म्हणाले. मोठ्यानं, कारण बेगमबीला ऐकायला फार कमी येई. एका तापानंतर तिचे दोन्ही कान बसले होते. कानातलं यंत्र तिनं लावून पाहिलं, पण त्यातून नुसता गलका ऐकू येतो म्हणून कपाटात ठेवून दिलं.

बेगमबीला मालिका फार आवडायच्या. माणसं रडताना दिसत, हसताना दिसत, पण का ते कळत नसे. मग दोघांनी एक रीत पाडली. संध्याकाळची मालिका मी टिपून ठेवायचो. दुकान बंद करून खाजामियाँ वर आले, जेवणं झाली, की ते माझा रिमोट हातात घेत. एक वाक्य झालं की मला थांबवत आणि बेगमबीच्या कानाशी वाकून ते वाक्य सांगत. पुन्हा चालू, पुन्हा थांब. अर्ध्या तासाचा भाग संपायला दीड तास लागे. मधेच बेगमबी भांडायची, "अजी, ती असं कशाला बोलंल? तुम्हीच चुकीचं सांगून राहिले." ते म्हणायचे, "मी सांगतो तेच बोलली. ऐक गुमान."

मित्रांनो, ते अर्धं खरं होतं. त्या मालिकेत एक म्हातारी आत्या होती, तिला ऐकू येत नसे. घरातली सून तिला येता-जाता टोमणे मारी. "हिला सांगितलं काय नि भिंतीला सांगितलं काय," असं ती एकदा म्हणाली. खाजामियाँनी मला थांबवलं आणि बेगमबीला म्हणाले, "सून म्हणून राहिली, आत्या, जेवून घ्या." असं ते नेहमी करत. खरं वाक्य माझ्या चकतीवर असे आणि खोटं त्यांच्या तोंडी. त्या घरात ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती, आणि मला तिचा फार अभिमान वाटे.

पुढे मी थकलो. चकती टकटक करू लागली. कधी भाग अर्ध्यातच तुटे, कधी 'जागा शिल्लक नाही' एवढंच पडद्यावर येई. खाजामियाँ माझी तार काढून पुन्हा लावत, माझ्या पाठीवर थापट्या मारत. चार दिवस मी नीट चालायचो आणि पुन्हा आजारी पडायचो.

ईदला त्यांच्या मुलीची मुलगी अलीझा नांदेडहून आली. ती तिथं औषधनिर्माण शिकते. तिनं घरात इंटरनेटचा राउटर बसवून घेतला, आणि येताना आणलेली बोटाएवढी एक काडी टीव्हीच्या मागे खोचली. "नानी, आता रेकॉर्ड करायची गरजच न्हाई. सुटलेला भाग कधी पण बघ. पहिल्यापासून बघ. आणि हे बघ, खाली अक्षरं येतात."

बेगमबी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. खाली मराठी अक्षरं उमटली आणि ती पुढे सरकून वाचू लागली. पडद्यावर कुणीतरी काही विनोद केला. बेगमबी हसली. त्याच क्षणी हसली! इतकी वर्षं ती मागाहून हसायची. मी थांबल्यावर, खाजामियाँनी सांगितल्यावर. तिला असं वेळेवर हसताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या पोटात आग पेटली. ती काडी माझ्यापेक्षा कितीतरी लहान. तिच्या पोटात काहीच साठत नाही, सगळं उसनं, वाऱ्यावरून आलेलं. पण मी जे कधीच देऊ शकलो नाही ते तिनं आल्या दिवशी दिलं.

अलीझा नांदेडला परत गेली. बेगमबी दुपारीही मालिका पाहू लागली, अगदी पहिल्या भागापासून. दिवसेंदिवस ती गप्प होत गेली, पण पाहायची थांबली नाही. रात्री जेवणं झाली की खाजामियाँ सवयीनं तिच्या शेजारी बसत. वाकून काही सांगायला जात, तर ती हात वर करी, "थांबा, वाचू द्या." मग ते खुर्ची उचलून दाराशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तिथंच बसले. मला त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट कळली. जळणारा मी एकटा नव्हतो.

मालिकेचा शेवटचा आठवडा आला. शुक्रवारी सकाळी बेगमबी न्हाणीघरात असताना खाजामियाँ टीव्हीच्या मागे गेले. त्यांनी काडीची वीज देणारी छोटी वायर काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. मी ते पाहिलं. मित्रांनो, मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

दुपारी पडद्यावर 'सिग्नल नाही' असं आलं. बेगमबीनं बटणं दाबली, मग नवऱ्याला दुकानातून वर बोलावलं. त्यांनी अलीझाला फोन लावला.

"नाना, टीव्हीच्या रिमोटवर सोर्सचं बटण दाबा."

"दाबलं. काय न्हाई."

"राउटरचा हिरवा दिवा लागलाय का?"

"लागलाय."

"तो बंद करून परत चालू करा." त्यांनी केलं. "मागची वायर घट्ट बसलीय ना?"

खाजामियाँ खिशावर हात ठेवून म्हणाले, "हाव, बसलीय. तुझी काडीच बाद झाली वाटतं. राहू दे, आपला डबा हाय की."

आपला डबा! त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली, तार जोडली आणि संध्याकाळचा शेवटचा भाग टिपायला लावला. माझी चकती फिरू लागली. मी ठरवलं, आज काही झालं तरी तुटायचं नाही. जेवणं उरकून दोघं पूर्वीसारखी शेजारी बसली. पहिली दहा मिनिटं मी छान चाललो. थांबलो, चाललो, थांबलो. खाजामियाँचा आवाज खणखणीत लागला होता. मग आत्या घर सोडून निघाली, तिनं उंबऱ्यात मागे वळून तोंड उघडलं आणि माझी चकती अडकली. चित्र गोठलं. त्यांनी तार काढून लावली, पाठीवर थापटलं. पुढचा भाग माझ्यात नव्हताच.

"काय बोलली ती?" बेगमबीनं विचारलं.

खाजामियाँ गोठलेल्या चित्राकडे पाहत म्हणाले, "म्हणली, सगळे खुश राहा."

"न्हाई," बेगमबी म्हणाली. "असं ती बोलणार न्हाई. मी पहिल्यापासनं वाचलंय सगळं. सून तिला भिंत म्हणली व्हती. तुम्ही मला सांगितलं, जेवून घ्या म्हणली."

त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"मला ऐकू येत न्हाई, अजी. सोसत न्हाई असं कुणी सांगितलं तुम्हाला? मला वाटायचं, त्या आत्याच्या घरचे लई चांगले हायत. मग ती रडती कशाला, तेच कळायचं न्हाई. मीच येडी हाय असं वाटायचं."

खाजामियाँनी खिशातून ती वायर काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "मीच काढली व्हती," ते हळू म्हणाले. आवाज इतका हळू होता की तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, पण वायर पाहून तिला समजलं. ती रागावेल असं मला वाटलं. मला तसं हवंही होतं.

"कशाला?" तिनं विचारलं.

आता ते तिच्या कानाशी वाकले. "तू माझ्याकडं बघतच न्हाईस आता."

बेगमबीनं कपाळाला हात लावला आणि हसली. "मग तसं बोलायचं का वायर चोरायची? उठा, लावा ती. मी वाचते, तुम्ही शेजारी बसा. मला न्हाई पटलं की मी इचारीन. पण खरं सांगायचं, आपल्या मनचं न्हाई."

काडी पुन्हा पेटली. शेवटचा भाग दोघांनी मिळून पाहिला. आत्या उंबऱ्यात काय बोलली ते मला कळलंच नाही, कारण माझी तार काढून ठेवली होती आणि तारेशिवाय मला मालिकेतलं बोलणं कळत नाही.

खाजामियाँचे दुकानशेजारी गुरुबसप्पा बियाणं विकतात. कर्नाटकच्या बाजूला त्यांचं शेतातलं घर आहे, तिथं फोनला रेंज येत नाही. काडीचा तिथं काही उपयोग नाही. मला त्यांच्याकडे द्यायचं ठरलं. सुट्टीला आलेल्या अलीझानं माझी चकती बदलून आणली. जुनी चकती गेली, तिच्यासोबत सगळ्या मालिका गेल्या, ते भिंतीचं वाक्यही गेलं. हेवा चकतीवर नव्हता बहुतेक. तो राहिला.

इथं गुरुबसप्पांच्या पत्नी उज्वलाबाई मला सांभाळतात. शेतातून यायला उशीर झाला तरी त्यांचा कार्यक्रम मी धरून ठेवतो. मित्रांनो, माझं एक मागणं आहे. घरात नवं यंत्र आणाल, जरूर आणा. पण त्याच्या येण्यानं घरातल्या कुणाचं काम गेलं, ते एकदा बघा. डब्याची धूळ नंतर पुसली तरी चालेल. आधी दाराशी जाऊन बसलेल्या माणसाला आत बोलवा.

परवा गुरुबसप्पा उदगीरहून आले आणि उज्वलाबाईंना म्हणाले, "मियाँ इचारत व्हते, डबा बरा हाय का म्हणून." ऐकून मला बरं वाटलं. पण खरं सांगू? ती विचारपूस मी त्या काडीला आनंदानं देऊन टाकीन, बदल्यात तिची जागा मिळणार असेल तर.