चुन्यातली अंडी

शनिवारी दुपारी स्तामेन्का अंगणातल्या चुलीवर लाल मिरच्या भाजत होती. तिची मुलगी कोसारा पायरीवर बसून त्यांची सालं काढत होती. बोटं काळी झाली होती, डोळे चुरचुरत होते. सप्टेंबरात स्मेदेरेवोतल्या प्रत्येक अंगणातून हाच धूर निघतो, त्यामुळे गावात कोण रडतंय आणि कोण मिरच्या सोलतंय, हे महिनाभर कुणालाच कळत नाही.

"उद्या येशील?" स्तामेन्काने विचारलं.

"कुठे?"

"कुठे काय, किल्ल्यावर. मला शिव्या द्यायला. गावातला एकूण एक माणूस देऊन गेला. पोटची पोर तेवढी राहिली."

पोलाद कारखान्याच्या कँटीनमधून निवृत्त झाल्यापासून स्तामेन्का दर रविवारी जेरिना व्हायची. डॅन्यूबच्या काठावरचा तो अवाढव्य किल्ला बांधला ज्युराज राजाने. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं त्याच्या बायकोचं, शापित जेरिनाचं. म्हणे तिने सगळ्या मुलखाला वेठीला धरलं, माणसांची रांग लावून हातोहात दगड आणवले आणि चुना घट्ट बसावा म्हणून घरोघरची अंडी ओरबाडून त्यात घातली. सांस्कृतिक भवनाच्या जुन्या पडद्याचा झगा घालून, पुठ्ठ्याचा मुकुट चढवून स्तामेन्का बुरुजाच्या खिडकीत बसायची आणि खाली जमलेले लोक तिला शिव्या द्यायचे. सुरुवातीला दगडांवरून, अंड्यांवरून. मग हळूहळू गाडी पेन्शनवर यायची, पळून गेलेल्या जावयावर, हरलेल्या फुटबॉल सामन्यावर. कुणाची मान आखडली तरी दोष जेरिनाचा, कारण एवढ्या खिडक्या ठेवून गावात वाऱ्याचे झोत सोडले कुणी? सगळं ऐकून घेऊन स्तामेन्का कँटीनमधला तो आवाज काढायची, "आधी दगड उचल, मग तोंड उचल." लोक हसत घरी जायचे आणि त्या संध्याकाळी बायकोशी बरे वागायचे.

कोसारा कधीच गेली नव्हती. ती शाळेत इतिहास शिकवायची.

"आई, बुरुजावर विटांनी नाव लिहिलंय ते राजाचं. कर बसवले त्याने, वेठ लावली त्याने. ती बिचारी परक्या देशातून आलेली, म्हणून सगळं तिच्या माथी मारलं."

"मला माहीत नाही होय? म्हणूनच तर कुणीतरी तिथं बसून तिच्या वाटचं ऐकून घ्यायला हवं." स्तामेन्काने मिरची उलटली. "पण अंडी होती हं."

हा त्या घरातला जुना तंटा होता. स्तामेन्काच्या माहेरी सांगत की त्यांची एक पणजी, किती पिढ्यांपूर्वीची कोण जाणे, अंड्यांची पाटी घेऊन किल्ल्याकडे निघाली आणि वाटेत घसरून पडली. अंडी कमी पडली. म्हणून तो नदीकडचा बुरुज वाकडा.

"तो बुरुज महायुद्धात दारूगोळ्याचा स्फोट झाला तेव्हा कलला," कोसारा म्हणाली.

"स्फोटाने बाकीचे का नाही कलले? त्यांत अंडी होती म्हणून. अगं, एकदा म्हण ना. तुझं काय जातं? आईच्या समाधानासाठी म्हण, होती अंडी."

"चुन्यात अंडी घातल्याचा काहीही पुरावा नाही, आई."

स्तामेन्का हसली आणि चूल फुंकायला वाकली. निम्म्या मिरच्या झाल्या होत्या, उरलेल्या सोमवारी करू म्हणाली.

रविवारी ती खिडकीतच गेली, बसल्या जागी, मुकुटासकट. खाली कुणालाच कळलं नाही. उत्तर येईना, तेव्हा लोकांना वाटलं, आज जेरिना फारच माजलीय. त्यांनी आवाज चढवला. बेलग्रेडहून आलेल्या एका बाईंनी तर असा संयत अभिनय कित्येक वर्षांत पाहिला नाही म्हणून टाळ्या वाजवल्या. शेवटी खांद्यावर कबुतर येऊन बसलं आणि तिने ते हाकललं नाही, तेव्हा प्लंबर ब्लागोये जिना चढून वर गेला.

अंत्यविधीला सगळा गाव आला. पुष्पचक्राच्या फितीवर लिहिलं होतं, 'शापित जेरिनास, कृतज्ञ वेठबिगारांकडून'. शवपेटीजवळ येऊन एकेक जण तिच्या कपाळाचं चुंबन घेई आणि सवयीने पुटपुटे, "मेले, माझं कुंपण पडलं, आता कुणाला बोलू?" "सटवे, जावई परत आला ना." धर्मगुरू रात्को यांनी दोनदा खाकरून पाहिलं. मग प्रार्थना संपवून ते स्वतःच खाली वाकले आणि कोसाराला ऐकू आलं, "चर्चचं छप्पर अजून गळतंय, बाई. काय म्हणायचं तुला." कोसाराने प्रत्येकाचे आभार मानले. तिचा आवाज कुठेही कापला नाही. आल्यागेल्यांना वाटलं, केवढी खंबीर. तिला स्वतःला वाटत होतं की आपण आईशी शेवटचं बोललो ते पुराव्याबद्दल.

दुसऱ्या आठवड्यात ब्लागोये दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात चुरगळत होता.

"बाई, मी त्या दिवशी म्हणालो होतो, तुझी जीभ वाळो. लगेच गप्प झाली हो ती."

"ब्लागोयेकाका, तिचं हृदय थांबलं. जिभेचा काही संबंध नाही."

"तसं कसं? दोदाश पाववाला सगळीकडे सांगत फिरतोय की त्याच्या शिवीने गेली. त्याची शिवी काय, तर पाय मोडो. पायाने कुणी मरतं का? मेली तर माझ्याच शिवीने मेली."

"मग तुमच्या," कोसारा म्हणाली. ब्लागोयेने डोळे पुसले आणि जाता जाता मोरीतला नळ दुरुस्त करून दिला.

खिडकी रिकामी राहिली आणि गाव बिघडला. बोलायला जेरिना नाही, म्हणून लोक एकमेकांनाच बोलू लागले. पाववाल्याच्या दुकानात मारामारी झाली. दोन सख्ख्या बहिणींनी वाऱ्याच्या झोतावरून अबोला धरला. सांस्कृतिक भवनाच्या तिहोमिरने नव्या जेरिना आणून पाहिल्या. एक फार सुंदर निघाली, लोक टोप्या काढून उभे राहिले. दुसरी पहिल्याच शिवीला रडली, आणि जमाव तिची माफी मागत घरी गेला.

चाळिसाव्या दिवशी थडग्यावर वाइन ओतून झाली, साखर घातलेले शिजवलेले गहू सगळ्यांनी चमचा-चमचा खाल्ले, आणि कुणी न सांगता अख्खी मंडळी किल्ल्याकडे वळली. कोसारा त्यांच्याबरोबर चालत राहिली. नोव्हेंबरचं धुकं नदीवरून आत शिरत होतं. बुरुजाखाली सगळे उभे राहिले आणि रिकाम्या खिडकीकडे बघू लागले.

"तुम्ही वर बसता का, बाई?" तिहोमिर हळूच म्हणाला. "झगा आणलाय मी. तुम्ही निदान रडणार तरी नाही."

"मला नाही जमणार."

"शिकवण्यासारखंच असतं हो. वर बसायचं आणि ऐकून घ्यायचं."

"वर नाही, मी इथूनच बोलणार आहे," कोसारा म्हणाली. "बाजूला व्हा जरा."

लोक बाजूला झाले. तिने पर्स ब्लागोयेकडे दिली, कारण आईला शिव्या देताना पर्स कुठे धरायची ते तिला कळेना. खिडकीत तेच कबुतर बसलं होतं. कोसाराने घसा साफ केला.

"इतिहासाच्या दृष्टीने," ती म्हणाली, आणि थांबली.

"मोठ्याने," मागून दोदाश पाववाला म्हणाला. "वर ऐकू जात नाही."

"आणि 'शापित' म्हणा आधी," ब्लागोये म्हणाला. "नुसतं 'इतिहास' म्हटलं तर ती वळूनही बघायची नाही."

"शापित बाई," कोसारा म्हणाली. आवाज भिंतीवर आपटून परत आला, तशी ती दचकली. मग तिने मान वर केली. "शापित बाई, अर्ध्या मिरच्या तशाच टाकून गेलीस. सडल्या सगळ्या. त्यांचा धूर कोंडलाय घरात, अजून जात नाही. दर रविवारी ये म्हणायचीस, आणि मी नाही म्हटलं की हसायचीस. का हसायचीस? केसांना धरून ओढत का नाही आणलंस? सगळ्या गावाला दगड उचलायला लावलेस, मला कधी एक दगड दिला नाहीस. आग लागो तुझ्या त्या पुठ्ठ्याच्या मुकुटाला."

"वा," धर्मगुरू रात्को पुटपुटले.

कबुतराने मान वळवली. कोसारा वाट बघत राहिली. आधी दगड उचल, मग तोंड उचल, असं कुणीच म्हणालं नाही. तेव्हा ती खाली वाकली, भिंतीच्या पायथ्याशी निखळून पडलेला एक दगड तिने दोन्ही हातांनी उचलला आणि कोटाशी धरला. दगडाला जुना चुना चिकटलेला होता. पांढरा, त्यात कुठे कुठे पिवळसर छटा. तिने तो बराच वेळ पाहिला.

"आणि तो बुरुज," ती म्हणाली, आता मोठ्याने, अगदी शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात, "स्फोटाने वाकडा झालेला नाही. आपली पणजी पडली म्हणून झाला. अंडी होती, आई. चुन्यात अंडी होती."