चार थर, सात थर

रविवारी सकाळी डोंगरवाटेवर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना जागा मिळाली होती, त्यांचे पाय आनंदाने जमिनीला लागत नव्हते. कारणही तसंच होतं. समोर एक जीप, इंजिन बंद, गिअर काढलेला, आपली आपण चढ चढत होती. आत एक जाडजूड गृहस्थ डोळे मिटून, दोन्ही हात वर करून बसले होते. गाडी शंभर पावलं चढून वळणाजवळ आली, तशी चेल्यांनी चाकाखाली दगड सारला आणि गर्दीने श्वास सोडला. बायका डोळे पुसत होत्या. पुरुषही पुसत होते, पण घाम पुसल्यासारखे.

चौथऱ्यावर गालिचा टाकून ओढबाबा बसले होते. सगळ्या गाड्या आपल्या शक्तीने वर ओढतात म्हणून ओढबाबा. हातात माइक.

"गिअर काढा. ब्रेकवरचा पाय काढा. मनातला गर्व काढा."

काढण्यासारखं आणखी एकच उरलं होतं, अक्कल. ती लोक डोंगराखालीच काढून आले होते.

ही वाट आमच्या गॅरेजपासून सुरू होते आणि वरच्या वस्तीपर्यंत जाते. कच्ची, दगडगोट्यांची, पण बापजाद्यांपासून सगळ्यांची. वरून उतरताना आधी छाती दडपणारा उभा उतार लागतो, मग हा शंभर पावलांचा चढ, आणि चढ संपला की लगेच आंधळं वळण. वळणापलीकडे दरी. त्या वळणावरून तीन वर्षांत चार गाड्या खाली गेल्या. बाबांनी वाटेच्या पायथ्याशी लोखंडी साखळी लावली होती ती त्यावरच बोट ठेवून. ज्याच्या गाडीत बाबांचा मंतरलेला खडा, त्याला साखळी उघडायची. बाकीच्यांना डोंगर गिळतो, म्हणून त्यांच्याच भल्यासाठी बंद. खडा असलेलीही एक गाडी दरीत गेली होती. तेव्हा बाबा म्हणाले होते, खडा डॅशबोर्डवर हवा, यांनी खिशात ठेवला. डोंगराला खिशातलं कसं दिसणार?

त्या चारातली एक गाडी माझ्या थोरल्याची.

गेल्या वर्षी, साखळी लागायच्या आधी, वरून पोती भरून येत होता. समोर चढ दिसला, म्हणून त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पुढे काय झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. गाडी वळणावर थांबेचना. एका वाकड्या झाडाने तिला पोटाशी धरलं म्हणून पोर वाचलं. पाय मोडला, तो तीन महिन्यांत जुळला. मन मात्र जुळेना. दुसऱ्याच दिवशी बाबांनी माइकवरून सांगितलं होतं, की याने खडा नाकारला, डोंगराने याला टाकला. तेव्हापासून हा गॅरेजात स्टुलावर बसून बायकोला पाने देतो. दहा नंबरचा दे म्हटलं की बाराचा देतो. स्टेअरिंगला हात लावत नाही. मी किती बोलले. मऊ बोलायची मला सवय नाही, तरी तेही करून पाहिलं. त्याचं एकच, "आई, मला डोंगराने टाकलंय."

माझ्या पोटच्या पोराला टाकणारा हा डोंगर कोण लागून गेला?

आमची सून गाड्या दुरुस्त करते. हात काळे, डोकं लख्ख. तिने मला एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनात रुतून बसली होती. दर महिन्याला बाबांची स्वतःची जीप आमच्याकडे ब्रेक लायनर बदलायला यायची. सगळे झिजून पातळ झालेले. ज्याला शक्ती वर ओढते, तो एवढे ब्रेक कुठे दाबतो, हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, सूनबाई, देवमाणसाचे पाय जड असतात. ती हसली, पण प्रश्न तसाच राहिला.

मी त्या रविवारी तिथे गेले त्याचं दुसरं कारण नर्सबाई. वरच्या वस्तीत लसी द्यायला, बाळंतिणी बघायला तिला आठवड्यातून दोनदा जावं लागतं. खडा घेणार नाही म्हणाली, म्हणून साखळी उघडेना. लशींचा डबा खांद्याला लावून तीन तास चढायची. कार्यालयात तिने अर्ज दिला होता. तो अर्जही बहुधा पायीच निघाला होता, कारण अजून साहेबांच्या टेबलावर पोचला नव्हता. ती थोरल्याला म्हणाली, दादा, तुम्ही न्या मला, साखळीचं मी बघते. हा मान खाली घालून पाने पुसत राहिला. त्या दिवशी मी ठरवलं, आता आपणच जाऊन बघायचं.

मी शिकलेली नाही. दुसरी पास, तीही मास्तर बदलला म्हणून. पण बावीस वर्षं गवंड्याची बायको होते. माल कालवला, विटा वाहिल्या, आणि पाण्याच्या नळीचं दुसरं टोक धरून उभी राहिले. दोन भिंती एका पातळीत आहेत का ते गवंडी नळीतल्या पाण्याने बघतो. दोन्ही टोकांना पाणी सारखं उभं राहतं. आमचे हे म्हणायचे, माझे डोळे चुकतील, तुझे तर चुकतातच, पाणी चुकत नाही. नवऱ्याची बहुतेक वाक्यं मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडली. हे एक राहिलं.

तर त्या रविवारी पिशवीतल्या बाटलीचं झाकण सैल होतं. पाणी सांडलं आणि त्याची धार लागली. धार निघाली चढाकडे. वर. मी शेजारच्या बाईला दाखवलं. तिने डोळे मोठे केले आणि हात जोडले. म्हणाली, बघा, बाबा पाणीसुद्धा ओढतात. ज्या गर्दीला पाणी दाखवलं तरी पुरत नाही, तिला काय दाखवायचं, याचा विचार करत मी चौथऱ्याकडे बघत होते.

चौथरा झकास होता. बारा पावलं लांब, वाटेला लागून, वळणाकडच्या टोकाला बाबांचं आसन. वरून गालिचा, जमिनीपर्यंत लोळणारा. मी गर्दीतून पुढे सरकले आणि म्हटलं, "बाबा, चौथऱ्याचं काम मात्र नामी झालंय. गवंडी कोण?"

स्तुती म्हटली की बाबांची मान मांजरासारखी पुढे यायची. माइक हातातच होता.

"गवंडी कोणी का असेना, माई, उभा मी होतो. स्वतः नळी लावून घेतली. केसाएवढा कल नाही. पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं ठेवा, थेंब सांडायचा नाही."

"नळी पाण्याचीच ना?"

"मग काय तेलाची?" बाबा हसले. कर्ण्यातून सगळा डोंगर हसला.

मी खाली वाकले आणि गालिच्याचा काठ उचलला. एक चेला धावला, पण म्हाताऱ्या बाईचा हात धरायला जरा विचार करावा लागतो, तेवढ्यात मी विटा मोजल्या. चढाच्या खालच्या टोकाला चार थर. मग चालत वरच्या टोकाला, बाबांच्या पायाशी, आले आणि मोजले. सात.

"लोकहो," मी म्हटलं, "जमीन इकडे उंच असती, तर चौथरा सपाट करायला इकडे विटा कमी लागल्या असत्या. इथे तीन थर जास्त लागलेत. म्हणजे उंच कोणती बाजू?"

मग मागून एकजण, हातावर सिमेंटचे डाग असलेला, हळूच म्हणाला, "खालची." आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकला.

बाबा सावरले. म्हणाले, आमची शक्ती पाणी ओढते, विटा ओढते, सगळं ओढते. मी म्हटलं, असेल. पण मग नळीतलं पाणीही ओढलं असणार, आणि तुमचा चौथरा वाकडा झाला असणार. आत्ताच म्हणालात थेंब सांडत नाही. दोन्हीतलं कोणतं खरं, ते माइकवर सांगा, मागच्यांना ऐकू येत नाही.

मागे पहिल्यांदा कोणीतरी खुदकन हसलं. हसू हा मोठा संसर्गजन्य रोग आहे, आणि बाबांकडे त्यावर खडा नव्हता.

मग सून पुढे आली. तिने कसं होतं ते नीट सांगितलं. वरून येताना उभा उतार उतरलेला असतो. त्यानंतर सौम्य उतार लागला की तो डोळ्याला चढ वाटतो. त्यात कड्यातल्या खडकांचे पट्टे तिरपे, झाडं वाऱ्याने एका बाजूला झुकलेली, आणि आकाश-जमीन मिळते ती सपाट रेघ कुठे दिसतच नाही. डोळ्याला मोजायला सरळ असं काहीच सापडत नाही, मग तो वाकड्यालाच सरळ धरतो. गाडी वर जातच नाही. ती उतारावरून घरंगळते, जशी कुठलीही घरंगळेल. खालून वर जाताना हाच तुकडा उतार दिसतो आणि तरी इंजिन दम खातं, ते याचमुळे. आणि बाबांच्या ड्रायव्हरला हे पक्कं ठाऊक आहे, ती म्हणाली. तो इथे खालच्या गिअरमध्ये ब्रेक दाबत उतरतो. लायनर मी बदलते.

सगळे ड्रायव्हरकडे बघू लागले. ड्रायव्हर बुटांकडे बघू लागला.

थोरला गर्दीच्या मागे उभा होता. बायकोच्या मोटरसायकलवर मागे बसून आला होता, मला कळू न देता. लंगडत पुढे आला. चेहरा असा, की मला आधी वाटलं आता रडतो.

"म्हणजे मी उतारावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला?"

"दाबलास," मी म्हटलं. "चढ दिसला म्हणून दाबलास. चूक तुझ्या डोळ्याची, आणि ती इथे प्रत्येकाच्या डोळ्याची आहे. बाकीचे तिघेही असेच गेले. तुला कोणी टाकलेलं नाही. आणि टाकायचंच असतं, तर मी टाकलं असतं, बाराचा पाना दिलास तेव्हा."

तो वळणाशी गेला. दरीत, त्या वाकड्या झाडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग परत आला, मगाशी चढलेल्या जीपच्या मालकाला म्हणाला, चावी द्या, मी उतरवून देतो. गिअर खालचा टाकला. ब्रेकवर पाय ठेवला. गाडी वळणावरून अशी गेली, जसं निजलेलं मूल कोणी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं.

मी मान फिरवून डोळे पुसले. घाम पुसल्यासारखे.

बाबा दोन दिवसांनी गेले. डोंगर कोपेल, असं सांगून गेले. जाताना त्यांच्या गाडीचे ब्रेक लाइट वळणापर्यंत लाल होते, हे मी या डोळ्यांनी बघितलं. पायथ्याची साखळी ड्रायव्हर लोकांनीच काढली आणि वळणावर दरीच्या काठाने खांब रोवून त्यांना बांधली. जी साखळी रस्ता अडवत होती, ती आता फक्त दरी अडवते. उभा उतार संपतो तिथे पाटी लावली. मजकूर माझा, रंग सुनेचा: 'पुढे दिसतो तो चढ नाही. उतार आहे. गिअर खालचा ठेवा.' नर्सबाई आता अर्ध्या तासात वर पोचते. थोरला नेतो. तिच्या अर्जाचं उत्तरही मागच्या आठवड्यात आलं, अर्ज विचाराधीन असल्याचं.

लोक अजून तिथे गाड्या थांबवतात. मजा म्हणून इंजिन बंद करतात, आणि पुढे चाकाला दगड लावायला एकाला उभं करतात. करू देत. डोळा फसतो ही गंमतच आहे. फसलेल्या डोळ्याला देव म्हणून शेजारी चौथरा बांधला, की माणसं मरतात. कुठे असं नवल दिसलं तर हात जोडा हवं तर, मला काय. पण आधी त्याच हातांनी थोडं पाणी सांडून बघा, आणि कोणी गालिचा टाकून बसलं असेल, तर त्याचा काठ उचलून विटा मोजा. मोजण्यापुरतं तर दुसरीतही शिकवतात.