निघण्याआधीचं बसणं

अनाथाश्रमाच्या दारात गाडी येऊन उभी राहिली, तशी झ्लाता आणि तिचा धाकटा भाऊ तिमको आपल्या एकुलत्या एका बॅगेवर ठाण मांडून बसले. त्यांना दत्तक घेऊन इटलीला न्यायला आलेल्या ओर्नेलाबाईंचा चेहराच पडला.

"नाही यायचं का रे तुम्हाला?" त्यांनी मोडक्यातोडक्या युक्रेनियनमध्ये विचारलं. त्यांचा नवरा तर रुमालच शोधायला लागला.

झ्लाताने कपाळावर हात मारला. एवढी मोठी माणसं, पण सुखरूप पोचायचं तर प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी घटकाभर गप्प बसायचं असतं, एवढंही ठाऊक नाही!

"यायचंय हो! आधी बसा तरी," ती खेकसली. "तुम्ही असे उभेच राहिलात तर तिकडे आम्ही दोघंच पोचू. मग आमच्याकडे बघणार कोण?"

तिमकोने सरकून जागा केली. चौघांच्या भाराने बॅग करकरली, पण उठायला कोणीच तयार होईना.