नव्याण्णवाचे शंभर होताना

मी कुलूप बोलतोय. लोखंडी नव्हे, मला किल्लीही नाही. दवाखान्यात खाटेशेजारी नाडीचे ठोके दाखवणारं यंत्र असतं ना, त्याच्या आत सगळ्या कामांवर देखरेख करणारा एक मुख्य प्रोग्रॅम असतो. त्याला कर्नल म्हणतात. मी तिथं राहतो. एक जण आत असेल तर दुसऱ्याला थांबवायचं, तो बाहेर आला की पुढच्याला सोडायचं, एवढंच माझं काम. तेव्हा मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मला ताईनं लिहिलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या खोलीत ती सगळ्यांत जुनी, म्हणून सगळ्यांचीच ताई. तिनं माझ्यामागे दोन खण ठेवले. एकात शतकाचा अंक, दुसऱ्यात उरलेला आकडा. नाडी नव्याण्णववरून शंभरावर गेली, की आकडा लिहिणारा प्रोग्रॅम आधी पहिल्या खणात एक मांडतो आणि मग दुसऱ्यातले नव्याण्णव पुसतो. नेमकं त्याच वेळी कोणी डोकावलं, तर त्याला एकशे नव्याण्णव दिसणार. म्हणून लिहिणारा असो वा वाचणारा, त्यानं माझी परवानगी घ्यायची.

येणाऱ्या प्रत्येकाकडे मी वाकड्या नजरेनंच बघतो. हा आत गेला खरा, पण वेळेवर बाहेर येईल ना? की तिथंच डुलकी काढेल आणि रांग ताटकळत बसेल? खोलीतल्या माणसांवरही माझा भरवसा नव्हता, घाईवाल्यावर तर मुळीच नाही. हा ताईच्या शेजारी बसणारा. यंत्र हळू चाललं की खापर माझ्या माथी. मला काढून टाकू या, हे तो चहा पितापिताही म्हणायचा. ताईवर मात्र माझा डोळे झाकून विश्वास. आईवर कोण संशय घेतं?

यंत्र दवाखान्यात लागलं आणि थोड्याच दिवसांत सिस्टरचा फोन आला. रुग्ण ठीक असतो, पडद्यावर आकडाही बरोबर असतो, आणि नाडी फार वाढल्याची धोक्याची घंटा उगाचच वाजते. "ताई, तुमच्या घंटेकडे आता इथं कोणी वळूनही बघत नाही," ती म्हणाली. "उद्या खरंच कुणाचं काही झालं तर?"

मला छाती नाही, तरी धस्स झालं. कोणीतरी मागच्या दारानं आत शिरून ते एकशे नव्याण्णव बघत होतं. पण जो माझ्याकडे येतच नाही, तो मला दिसणार कसा? हा घाईवाल्याचाच उद्योग, असं मी ठरवून टाकलं.

तपासासाठी ताईनं यंत्र परत मागवलं आणि घंटा वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. खणांतला आकडा घंटेनं वाचण्याआधी छापायचा, वाचल्यावरही छापायचा. आणि काय, खोटी घंटा बंदच झाली! मधे एक वायरही बदलली होती, सगळं श्रेय त्या वायरलाच मिळालं. मला काही हे पटेना. छापायला वेळ लागतो, तेवढ्यात लिहिणारा आपलं काम उरकून जात होता. दिवा लावल्यावर चोर आला नाही, म्हणून चोरच नाही असं होतं का? खोलीतल्यांनी ती ओळ पुसली आणि यंत्र परत धाडलं.

सिस्टरचा पुन्हा फोन आला. तक्रार करायला नव्हे. घंटाच बंद करून ठेवलीय, एवढं कळवायला.

त्या दिवशी ताई जेवली नाही. घाईवाला सगळ्या ओळी पहिल्यापासून वाचत बसला. दुपारी त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. घंटा मला न विचारताच खणांत डोकावत होती. ही ओळ कोणाची, असं त्यानं हळूच विचारलं.

"माझी," ताई म्हणाली. "नुसतं वाचायचं तर आहे, त्याला कुलूप कशाला, असं वाटलं होतं मला."

मला फार लागलं. ज्याच्यावर डूख धरला तोच घर राखत होता, आणि मागचं दार उघडं टाकलं होतं मला लिहिणारीनं. तेही वाईट हेतूनं नव्हे.

ताईनं ओळ सुधारली. मग घाईवाल्याला म्हणाली, "यापुढे माझं लिहिलेलं तू तपासायचं. ताईचं आहे म्हणून सोडायचं नाही."

सुधारलेला प्रोग्रॅम दवाखान्यातल्या यंत्रात बसला, आता घंटाही माझ्या रांगेत उभी राहते. आकडा खरा आहे. पण दवाखान्यात तिचा आवाज अजून बंदच आहे. चालू करा म्हणून ताईनं कितीदा विनवलं, तरी सिस्टर नुसतं "बघू" म्हणते. तिचं चुकत नाही. पण सिस्टर, खाटेवरचा माणूस तुमच्या-आमच्या भांडणात कुठेच नाही. हवं तर त्याच्या मनगटावर बोट ठेवून रोज आमचा आकडा पडताळा, आमच्यावर खुशाल संशय घ्या. फक्त तेवढी घंटा चालू करा.