शिशाच्या गोळीची सवत

मी तांब्याची गोळी बोलतेय! हो, तीच, जिला पाहून डेन्मार्कमधल्या एका दुकानात शिकारी होल्गरनं नाक मुरडलं होतं.

त्याच्या बंदुकीत आजवर शिशाचंच राज्य. मऊ शिसं हरणाच्या अंगात फुटतं आणि त्याची विषारी कणी मांसात पसरते. सरकारनं ते बंद केलं तरी याला घरातल्या गोळ्यांच्या जुन्या डब्यांचा मोह सुटेना. अखेर त्याच्या लेकीनं, सिग्नेनं, त्याचं नाक दाबलं. ती पोटुशी होती.

"बाबा, यंदा तुमच्या हरणाला मी तोंड लावणार नाही. मी खाते ते बाळ खातं."

"याच मांसावर वाढलीस ना? काय धाड भरली तुला?"

"म्हणूनच डोकं तुमच्यासारखं झालंय!"

मेच्या सोळा तारखेला नर हरणांची शिकार खुली होते. त्या सकाळच्या न्याहारीला लेक जेवणार नसेल, तर होल्गरचा सणच बुडाला. निघाला मुकाट्यानं दुकानात.

"हलकी न्या," दुकानदार म्हणाला. "तांबं कडक असतं. वेग मिळाला तरच उमलतं."

"हलकी? हरणाला गुदगुल्या करायच्यात का?"

तरी त्यानं जड आणि हलक्या, दोन्ही घेतल्या. नेमबाजीच्या मैदानात जड गोळ्या निशाण्याच्या कागदभर विखुरल्या. माझ्या हलक्या बहिणी मात्र एकमेकींना खेटून बसल्या! आपल्याला काय मानवतं ते शेवटी बंदूकच सांगते. होल्गरनं बंदुकीवरची दुर्बीण माझ्या बेतानं जुळवून घेतली. मी हरखून गेले.

सोळाची पहाट झाली. मला नळीत सरकवलं तेव्हा काय ती धडधड! रानाच्या कडेला नर आडवा उभा राहिला. हरणाचं वाईट वाटलं का? वाटलं. म्हणूनच ठरवलं, त्याला तडफडू द्यायचं नाही. धडाम! खांद्यात शिरताच मी पाकळ्या उघडल्या. नर जागीच कोसळला आणि मी पलीकडच्या कातडीखाली अडकले.

होल्गरनं मला धुऊन स्वयंपाकघरात नेलं. "बघ, अख्खी आहे!"

"तोंडानं कुणीही बोलेल," म्हणत सिग्नेनं खमीर मोजायचा छोटा वजनकाटा काढला. होल्गरनं एका कोऱ्या काडतुसाच्या टोकाची गोळी पकडीनं उपटली. आधी ती काट्यावर चढली, मग मी. होल्गर काट्यावर वाकला.

वजन तेवढंच! माझा एक कणही मांसात राहिला नव्हता.

सिग्नेनं काटा बाजूला सारला. मग पाठीची कोवळी पट्टी तव्यावर टाकणाऱ्या बापाला म्हणाली, "नीट शिजवा हं. आणि मला दोन तुकडे वाढा. एक तुमच्या नातवंडाचा."

होल्गरनं चुलीकडे तोंड फिरवलं आणि आणखी एक पट्टी तव्यावर टाकली.

आता मी खिडकीतल्या बशीत असते, वाकडीतिकडी, पाकळ्या पसरलेली. पुन्हा कधी उडणार नाही. शिकाऱ्यांनो, गोळी निवडताना हरणाचा विचार कराच, पण ताटावर कोण बसणार आहे तेही आठवा. येते मी!