चौथं हॉटेल

आचाऱ्याने काचेला नाक लावून आत बघितलं, दोन पावलं मागे आला आणि मान हलवली.

"इथे नको. जळक्या तेलाचा वास येतोय."

"मला नाही आला," बायको म्हणाली.

"तुला नाही कळायचं ते."

हे चौथं हॉटेल. पहिल्यात म्हणे फार गर्दी. दुसऱ्यात गर्दी नाही, म्हणजे अन्न शिळंच असणार. तिसऱ्यातल्या वेटरची नखं वाढलेली, आणि ती साहेबांना रस्त्यापलीकडून दिसली. नवऱ्याची नजर इतकी तीक्ष्ण असेल असं तिला एकोणीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. घरात समोर ठेवलेली किल्ली त्याला सापडत नसे.

दुपारचे दोन वाजत आले होते. नव्या चपलेने टाच सोलली होती आणि पोटात कावळे ओरडत होते.

ती काही पक्वान्नांसाठी हटून बसली नव्हती. लग्न झाल्यापासून हा माणूस लोकांच्या सुट्टीच्या दिवशी रांधत आला होता. घरी यायचा तो ओट्यापाशी उभ्यानेच चार घास पोटात ढकलायचा आणि झोपायचा. एकदा, फक्त एकदा, टेबलाशी त्याच्यासमोर बसावं, वाढायला दुसरं कुणी असावं आणि त्याने तिच्याशी बोलत जेवावं, एवढंच तिला हवं होतं. कधी नव्हे तो त्याला रविवार मोकळा मिळाला होता. तोही उन्हात वणवण करण्यातच चालला होता.

"पुढच्या चौकात बघू," तो म्हणाला.

"अहो, माझ्याबरोबर जेवायचंच नसेल तर तसं सांगा. उगाच हॉटेलांवर खापर फोडू नका."

"अगं, तसं नाही..."

"मग कसं?"

तो चौकाच्या दिशेने चालू लागला. तिचं डोकंच फिरलं. तिने सरळ दार ढकललं आणि आत शिरली. नाइलाजाने तोही मागोमाग आला.

काउंटरवरच्या माणसाने तिच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"अहो, गुरुवारीच सांगितलं ना तुम्हाला? सध्या आचारी नकोय आम्हाला. लागला तर फोन करू."

आचारी शर्टाचं वरचं बटण चाचपत दारातच थांबला. बायकोने मागे वळून त्याच्याकडे बघितलं. मग ती काउंटरकडे वळली.

"आम्ही जेवायला आलोय. दोघांना जागा द्या."

कोपऱ्यातलं टेबल मिळालं. तो समोर बसला खरा, पण मान वर करेना.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"अकरा."

"तरीच म्हटलं, एप्रन मळत कसा नाही. रोज इस्त्री करून देत होते मी, आणि तुम्ही मुकाट घेऊन जात होतात."

तिला रडू येत होतं आणि रागही तेवढाच येत होता.

"सांगणार होतो. दुसरं काम मिळालं की."

"या रस्त्यावर सगळीकडे विचारलंत?"

"सगळीकडे."

"आणि मागच्या?"

"तिकडे नाही अजून."

वेटर पाणी ठेवून गेला. तिने एक मेनू स्वतःकडे ओढला, दुसरा त्याच्यासमोर सरकवला.

"पोटभर जेवा. मग तिकडे जाऊ. तुम्ही आत जा, मी बाहेर थांबते."